एसी गार होत नाही? गॅस भरण्याआधी पट्टा बघा

माझी गाडी २००६ ची, छोटी, पेट्रोलवरची. लेक पुण्याहून दर उन्हाळ्यात एकच सांगतो, "आई, विकून टाक आता." पण जळगावच्या मे महिन्यातही तिच्या एसीने हुडहुडी भरते, मग कशाला विकू? त्याआधी मात्र सलग दोन उन्हाळे गॅरेजवाला म्हणायचा, "ताई, गॅस संपलाय," आणि मी मुकाट पैसे मोजायचे. एसीचा गॅस काही पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. जुन्या गाडीत काही वर्षांत थोडा झिरपतो, पण दर वर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. माझ्याकडे तर गळतीही नव्हती. पट्टा घसरत होता.

ओळखायचं कसं? सकाळी गाडी चालू करून एसीचं बटण दाबलं की बॉनेटमधून चींऽऽ असा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने थांबायचा. एसीचा कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. त्याचा भार आला की ढिला पट्टा पुलीवर सरकतो. आवाज नेमका कशाचा, हे ठरवायला चालू इंजिनात पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर लांबून पाण्याचा फवारा मारा. ओढणी, बांगड्या, बाह्या आधी आवरून घ्या. आवाज लगेच वाढला तर पट्टा ढिला. काही क्षण थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, आणि ते काम मेकॅनिकचं.

आता इंजिन बंद, किल्ली हातात. इंजिन गार होऊ द्या, कारण तापलेल्या इंजिनाचा पंखा कधीकधी आपोआप फिरतो. पट्टा उलटा करून टॉर्चने बघा. तडे, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचा ओलावा दिसला तर नवाच घ्या. तेल असेल तर ते कुठून येतंय ते आधी शोधा, नाहीतर नवा पट्टाही महिन्याभरात फुगेल. आजकालच्या बऱ्याच पट्ट्यांना तडे जातच नाहीत, नुसत्या खाचा झिजतात. म्हणून "दिसायला चांगला आहे" यावर जाऊ नका. पाठीवर '४पीके ८५०' असं काही छापलेलं असतं. ४ म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या उभ्या धारांची संख्या, ८५० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. दुकानात हाच आकडा सांगायचा.

ताण बघायला दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, गाडीच्या पुस्तिकेत वेगळं माप असेल तर तेच धरा. माझ्या गाडीत ताणपुलीचा मधला नट सैल करून लांब बोल्ट फिरवला की पट्टा ताणला जातो. १२ आणि १४ चा पाना पुरला. पहिल्यांदा मी तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून ठेवला होता, आणि त्यात बेअरिंग गेलं. पट्ट्यावर पावडर, साबण, स्प्रे असलं काही लावायचं नाही.

पट्टा ठीक झाल्यावर पुन्हा एसी लावा. बाहेरून कंप्रेसरच्या तोंडाकडची चकती बघा. एसी बंद असताना पुली फिरते, चकती स्थिर. एसी लावला की टक् आवाज होऊन चकतीही फिरायला हवी. सकाळी फिरते आणि इंजिन तापल्यावर सुटते, असं होत असेल तर क्लचमधली, म्हणजे ही चकती आणि पुली यांच्यामधली, फट वाढलेली असण्याची शक्यता मोठी. सारखं टक्-टक् करत लागत-सुटत असेल, तेव्हा मात्र गॅस कमी असल्याचा संशय खरा.

माझी दुसरी तक्रार अशी, की हायवेवर गार आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम. हे लक्षण पाठ करून ठेवा. कंडेन्सरचा (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) पंखा एसीबरोबर सुरू होतो का, एवढंच बघायचं. माझा होत नव्हता. फ्यूज ठीक होता, रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारं छोटं स्विच, गेला होता.

खरोखर गॅसच लागला तर एवढा हट्ट धरा: नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग आहेत का ते आधी बघायला लावा, गळती काढून घ्या, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा मशीनने ओढून घेऊन, बॉनेटखालच्या स्टिकरवर आहे तेवढेच ग्रॅम भरायला सांगा. अंदाजाने ठासून भरलेल्या गॅसनेही गारवा कमी होतो. नळीची जोडणी घरी उघडू नका. गॅस उडाला तर कातडी गोठते.

आणखी एक. जुन्या छोट्या गाड्यांत बऱ्याचदा एसीचा पट्टा वेगळा असतो. तो तुटला तर घामाघूम होऊन का होईना, घरी येता येतं. पण बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर तुटलाय तो दुसरा, बॅटरी चार्ज करणारा आणि इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा पंप फिरवणारा. तिथेच थांबा.

नवा पट्टा आठवड्याभरात थोडा सैलावतो, तेव्हा पुन्हा अंगठा लावून बघते. जुन्याला तडे नसले तर तो डिकीत जातो, १२ आणि १४ च्या पान्यांसोबत त्याच पिशवीत.