नाशिक जिल्ह्यातल्या आपल्या गावाचे जनगणनेचे आकडे कसे काढायचे, कसे तपासायचे

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा असो, शाळेचा प्रस्ताव असो की बातमी, गावाची लोकसंख्या लागली की आजही 2011 च्या जनगणनेकडेच जावं लागतं. 2021 ची जनगणना झालीच नाही, आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. गूगलवर गावाचं नाव टाकलं की जी खासगी संकेतस्थळं दिसतात, त्यांनीही 2011 च्याच फायली वापरलेल्या असतात. मात्र कुठे नाव चुकलेलं असतं, कुठे टक्केवारी भलत्याच छेदावर काढलेली असते. म्हणून मूळ फाइल उघडणं बरं. आकडे सहसा बरोबर असतात. घोळ होतो तो चुकीची ओळ उचलण्यात आणि चुकीच्या आकड्याने भागण्यात.

कोणती फाइल घ्यायची

जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर (सेन्ससइंडिया डॉट गव्ह डॉट इन) 2011 च्या सारण्यांमध्ये ‘प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट’, म्हणजे पीसीए, शोधा. राज्य महाराष्ट्र (कोड 27), जिल्हा नाशिक (कोड 516). यात प्रत्येक गाव, शहर आणि शहरातल्या वॉर्डाची एकेक ओळ असते. कुटुंबं, स्त्री-पुरुष, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढं सगळं त्या एका ओळीत मिळतं.

दुसरी चीज म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. तिचे दोन भाग आहेत. ‘अ’ भागात गावनिहाय सोयी असतात: शाळा, दवाखाना, पाणी, बस, बँक, शिवाय गावाचं क्षेत्रफळ आणि जमिनीचा वापर. ‘ब’ भागात पीसीएचेच आकडे पुस्तकरूपात आहेत. पुस्तिकेच्या फाइलच्या नावात 2720 दिसला तर दचकू नका. 20 हा नाशिकचा राज्यांतर्गत क्रमांक आहे.

पीसीएच्या दोन आवृत्त्या मिळतात, एक तालुकावार आणि एक विकासगटवार. विकासगटाची फाइल मुख्यतः ग्रामीण भागासाठी असते. निफाड तालुक्याची एकूण लोकसंख्या तिथून उचललीत तर जनगणनेने शहर धरलेली ओझर आणि पिंपळगाव बसवंत बाहेर राहू शकतात. तालुकावारच घ्या.

गाळणी लावण्याआधी

फाइलमध्ये एकच माणूस चार-पाच वेळा मोजलेला असतो: गावाच्या ओळीत, तालुक्याच्या ग्रामीण ओळीत, तालुक्याच्या एकूण ओळीत, आणि पुन्हा जिल्ह्याच्या दोन ओळींत. त्यामुळे अख्ख्या स्तंभाची बेरीज मारायची नाही. गाळणी (फिल्टर) लावून ‘लेव्हल’ स्तंभात व्हिलेज आणि टाउन एवढंच ठेवा, वॉर्ड काढून टाका. मग एकूण लोकसंख्येच्या स्तंभाची बेरीज करून पाहा. नाशिकसाठी उत्तर नेमकं असं यायला हवं:

गावं: 35,09,814
शहरं: 25,97,373
जिल्हा: 61,07,187

एकाचाही फरक पडला तर गाळणी चुकली आहे, पुढे जाऊ नका. आणि 61,09,052 हा आकडा कुठे दिसला तर तो 2011 साली आधी जाहीर झालेला हंगामी आकडा आहे. जुन्या बातम्यांत आणि काही सरकारी पत्रकांतही तो अजून फिरतो. जिल्ह्याचा साक्षरता दरही हंगामी 80.96 आणि अंतिम 82.31 असा वेगवेगळा आहे. अंतिमच वापरा.

कोडचा एक जुना त्रास आहे. गावाचा कोड सहा आकडी असतो, तालुक्याचा पाच आकडी आणि शून्याने सुरू होणारा. फाइल सीएसव्हीमध्ये जतन करून एक्सेलमध्ये पुन्हा उघडली की ते पुढचं शून्य गळतं आणि दुसऱ्या तक्त्याशी जुळणी होत नाही. व्हीलुकअप (दोन तक्ते जुळवण्याचं एक्सेलचं सूत्र) सगळीकडे ‘एन-ए’, म्हणजे ‘सापडलं नाही’, दाखवू लागलं की आधी हे बघा. फाइल आयात करतानाच कोडचे स्तंभ ‘टेक्स्ट’ करून ठेवले की प्रश्न मिटतो.

आपलं गाव सापडत नाही तेव्हा

नावं इंग्रजीत आहेत आणि लिप्यंतर लहरी आहे. पेठ तालुका ‘पी’खाली आहे खरा, पण जुन्या इंग्रजी धाटणीने ‘पेइंट’ असा लिहिलेला. सटाणा तालुका शोधलात तर मिळणार नाही. तालुका ‘बागलाण’ नावाने आहे आणि सटाणा हे त्यातलं शहर. बुद्रुक-खुर्द ही ‘बीके’, ‘केएच’ अशा संक्षेपाने येतात. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असणं तर नेहमीचंच, म्हणून नावावरून जुळणी कधीच करू नका. तालुका आणि कोड दोन्ही पाहा. शेजारच्या गावाचा कोड माहीत असेल तर त्याच्या आसपासच्या ओळी चाळा. तालुक्यातले कोड साधारण नकाशावरच्या क्रमाने दिलेले असल्यामुळे शेजारची गावं बरेचदा जवळजवळ सापडतात.

तरीही गाव नसेल तर बहुधा ते महसुली गाव नाही. जनगणनेत ‘गाव’ म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातलं मौजे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात एका मौज्याखाली अनेक पाडे असतात, एकमेकांपासून चांगलेच लांब. त्या पाड्यांचे आकडे वेगळे छापलेले नाहीत. ते मूळ गावाच्या ओळीतच मिळवलेले आहेत. पाड्यासाठी पाणीयोजनेचा प्रस्ताव करताना अख्ख्या मौज्याची लोकसंख्या लिहिली की तांत्रिक मंजुरीत माणशी लिटरचं गणित फसतं. तिथे ग्रामपंचायतीचं कुटुंब सर्वेक्षणच जोडावं, जनगणनेचा आकडा फक्त मौज्यासाठी.

याच्या उलट गटग्रामपंचायत. तिच्यात दोन-तीन महसुली गावं येतात आणि जनगणना ग्रामपंचायतीनुसार आकडे देत नाही. केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त, म्हणजे एलजीडीत, ग्रामपंचायतीखालची गावं आणि त्यांचे 2011 चे जनगणना कोड दिलेले आहेत. ते कोड घेऊन पीसीएतल्या ओळींची बेरीज करा. एलजीडीचा स्वतःचा गाव कोड आणि जनगणनेचा कोड हे दोन स्तंभ शेजारीशेजारी असतात. चुकीचा उचलू नका.

लोकसंख्या शून्य असलेल्या ओळीही दिसतील. ती निर्जन गावं आहेत: जमीन आहे, सातबारे आहेत, वस्ती नाही. ‘तालुक्यात गावं किती’ याचं उत्तर देताना ती धरली की नाही हे लिहा, नाहीतर दोन कागदांवर दोन आकडे दिसतील.

शहर कोणतं, गाव कोणतं

दोन प्रकारची शहरं आहेत. महानगरपालिका, नगरपरिषद किंवा कॅन्टोन्मेंट असलेली वैधानिक शहरं: नाशिक, मालेगाव, मनमाड, सिन्नर, येवला, देवळाली कॅम्प वगैरे. दुसरी जनगणना-शहरं, जिथे कारभार ग्रामपंचायतीचा पण वळण शहरी. त्यासाठी तीन अटी: लोकसंख्या किमान 5,000, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, आणि घनता चौरस किलोमीटरला किमान 400. ओझर, पिंपळगाव बसवंत, घोटी बुद्रुक 2011 मध्ये या यादीत होती. ओझर-पिंपळगावात नगरपरिषद झाली ती नंतर. निफाड, दिंडोरी, सुरगाणा, कळवण इथल्या नगरपंचायतीही 2011 नंतरच्या, त्यामुळे त्या फाइलमध्ये ‘नगरपंचायत’ म्हणून शोधू नका.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. 2011 ची जनगणना-शहरांची यादी गणती सुरू होण्याआधी, 2001 च्या आकड्यांवरून केली होती. म्हणून 2011 च्या आकड्यांत तिन्ही अटी पुऱ्या करणारं एखादं गाव यादीत ‘गाव’च राहिलेलं दिसतं. आपल्याला ते तपासता येतं. पुरुष मुख्य कामगारांतले ‘घरगुती उद्योग’ आणि ‘इतर’ हे दोन स्तंभ मिळवून एकूण पुरुष मुख्य कामगारांनी भागा. घनतेसाठी क्षेत्रफळ पुस्तिकेच्या ‘अ’ भागातून घ्या. ते हेक्टरमध्ये असतं, 100 ने भागल्यावर चौरस किलोमीटर होतात. हे भागायचं विसरलं की घनता 4 वगैरे येते.

नाशिक शहर म्हणताना कोणतं, तेही ठरवा. महापालिका हद्द 14,86,053, तर देवळाली, भगूर वगैरे धरून होणारा नागरी समूह 15,61,809. दोन्ही बरोबर, पण एकाच लेखात सरमिसळ नको. पीसीएतले वॉर्ड आणि 2017 च्या निवडणुकीतले प्रभाग यांचा मेळ बसत नाही.

टक्के काढताना

साक्षरता दर सात वर्षं आणि त्यावरील लोकांवर काढतात. समजा गावाची लोकसंख्या 1,200, त्यात 0 ते 6 ची मुलं 180, साक्षर 714. दर 714 भागिले 1,200 नाही, 714 भागिले 1,020. पहिल्या रीतीने 59.5 टक्के येतो, दुसऱ्याने 70. लहान मुलं जास्त असलेल्या आदिवासी गावांना चुकीच्या रीतीचा फटका जास्त बसतो, आणि मग पेठ-सुरगाण्याबद्दल वाटेल ते निष्कर्ष निघतात.

बालकांचं लिंग गुणोत्तर 0 ते 6 च्या मुली भागिले 0 ते 6 चे मुलगे गुणिले 1,000. तालुक्यासाठी ठीक. चाळीस मुलं असलेल्या गावात दोन मुली इकडेतिकडे झाल्या की गुणोत्तर शंभर किंवा त्याहून जास्त अंकांनी हलतं. एका गावाच्या गुणोत्तरावरून मथळा करू नये.

‘मुख्य’ काम करणारा म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला. त्याहून कमी तो ‘सीमांतिक’. शेतमजूर मोजायचे तर दोन्हीकडचे शेतमजूर मिळवा. फक्त मुख्य घेतले तर बायकांचं काम मोठ्या प्रमाणात गायब होतं.

आकडा विचित्र दिसतो तेव्हा

लोकसंख्येला कुटुंबांनी भागून बघण्याची सवय लावून घ्या. बहुतेक गावांत चार ते साडेपाच येतं. एखाद्या छोट्या गावात आठ-नऊ आलं तर टंकलेखनाची चूक धरू नका, आधी तिथे आश्रमशाळा आहे का विचारा. वसतिगृहातली मुलं शाळेच्या गावीच मोजली जातात आणि सगळी मिळून एकच संस्थात्मक कुटुंब धरलं जातं. तीनशे मुलं दीड हजाराच्या गावात आली की लोकसंख्या, साक्षरता आणि काम न करणारे, तिन्ही फुगतात. त्या मुलांच्या मूळ पाड्यांवर तितकीच तूट पडते. देवळाली कॅन्टोन्मेंटमध्ये लष्करी तोफखान्याच्या संस्था असल्याने पुरुषांचा आकडा तसाच वर जातो.

दुसरं कारण खास आपल्या जिल्ह्याचं. 2011 ची गणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन द्राक्षकाढणीत. त्या काळात सुरगाणा-पेठकडची कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या बागांवर असतात. नियम असा की माणूस त्या वीस दिवसांत एकदाही घरी नसेल तर तो जिथे सापडला तिथे मोजायचा. मधे दोन दिवस गावी गेला असेल तर गावी. म्हणून निफाडच्या एखाद्या गावात अनुसूचित जमातीचा आकडा स्थानिकांच्या अंदाजापेक्षा जास्त दिसला, तर त्यात मुक्कामी मजूर असण्याची शक्यता धरा. त्यातले स्थानिक किती आणि पाहुणे किती, हे पीसीएवरून वेगळं करता येत नाही.

काही गोष्टी गावपातळीवर शोधूच नका. जिल्ह्यात अनुसूचित जमातीचे 15,64,369 लोक, म्हणजे जवळपास 25.6 टक्के, आणि गावनिहाय एकूण आकडाही मिळतो. पण गावात कोकणा किती, महादेव कोळी किती, वारली किती हे गावनिहाय छापलेलं नाही. धर्मनिहाय आकडे तालुका आणि शहरापर्यंतच.

पुस्तिकेतल्या सोयींच्या तक्त्यात सोय गावात नसेल तर जवळच्या सोयीचं अंतर अक्षराने दिलेलं असतं: ‘ए’ पाच किलोमीटरच्या आत, ‘बी’ पाच ते दहा, ‘सी’ दहाच्या पुढे. घाट उतरून जायचा की नदी ओलांडायची, हे त्या अक्षरात नसतं.

मागच्या जनगणनांशी तुलना

जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 49,93,796 होती. दहा वर्षांत 22.3 टक्के वाढ. जिल्ह्यापुरतं हे सरळ आहे. गावाच्या पातळीवर 2001 चे कोड वेगळे असल्याने नाव आणि तालुका पाहून हाताने जुळवावं लागतं. 1991 पर्यंत मागे जायचं तर तालुकेही बदलतात: देवळा आणि त्र्यंबकेश्वर तेव्हा नव्हते, त्यांची गावं शेजारच्या तालुक्यांत होती. अशा वेळी 2011 ची गावं जुन्या तालुक्यांत परत टाकून बेरीज करा. उलटं करायला जाल तर अडकाल. आणि तक्त्यात 2011 चा सहा आकडी गाव कोड, 2001 चा कोड आणि एलजीडी कोड असे तीन स्तंभ शेजारीशेजारी ठेवा. 2027 चे आकडे येतील तेव्हा चौथा स्तंभ जोडायला जागा सोडलेली असू द्या.