पोरीची पट्टी काळी पाच निघाली: लेकरासाठी गाण्याचे सर-मॅडम कसे शोधायचे

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळं खंजिरी, भजन, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना हे सगळं लेकरांच्या कानावर पाळण्यापासूनच पडतं. पोरगी सात वर्षांची झाली, दिवसभर काही ना काही गुणगुणत राहायची, मग घरच्यांनी मागंच लावलं की हिला क्लास लावून द्या. मी काय केलं, तालुक्याच्या गावी गणपतीत एका सरांचं गाणं ऐकलं होतं, माणूस असा गायला की अंगावर काटा, दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन गेलो. बाकी काही विचारलं नाही, पाहिलं नाही. तीन महिन्यांत पोरीचा आवाज बसला आणि सर मला बाहेर बोलावून म्हणतात, "भाऊ, पोरीले गळाच नाही."

गळा होता. पट्टी, म्हणजे पेटीतली जी पट्टी "सा" धरून गायचं ती, चुकीची होती. हे मला पुढं कळलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

सर स्वतः काळी एकमध्ये (सप्तकातली पहिली काळी पट्टी) गायचे, पुरुषांना ती पट्टी बरी पडते. पेटी त्याच पट्टीत आणि वीस-बावीस लेकरं त्यांच्या मागं. आमची पोरगी त्यांच्यासारखं खालून म्हणायला जायची तर आवाजच गायब, वरून म्हणायला गेली तर अंतऱ्यात किंचाळी. लेकराला काय कळतंय, ती ओढायची जोर लावून. नंतर ज्या मॅडम मिळाल्या (त्यांनी बीएला संगीत घेतलं होतं, आता घरीच शिकवतात, दारात गाय बांधलेली) त्यांनी पहिल्या दिवशी पेटी उघडली पण वाजवली नाही. पोरीला म्हणाल्या, "तू मायले हाक कशी मारतं वं? मार बरं, ती वावरात हाय असं समज." पोरीनं आधी माझ्याकडं पाहिलं, लाजली, मग मोठ्यानं "आईऽऽ" केलं. मॅडमनी पेटीवर एक-एक पट्टी दाबत तो सूर शोधला, मग त्याच्या खाली-वर "सा" म्हणायला लावला, जिथं मान ताणली की तिथून परत खाली. असं करत करत काळी पाचवर येऊन थांबल्या. दहा मिनिटं लागली असतील. माझ्यासाठी निवड तिथंच झाली.

तर पहिली गोष्ट हीच, सर किंवा मॅडम गातात कसे हे ऐकून ठरवू नका, शिकवताना बघा. एक अख्खा क्लास कोपऱ्यात बसून पाहायचं मागा. नाही म्हणाले तर दुसरीकडं बघा, यात मी तरी सूट देत नाही. क्लासमध्ये बसलात की फक्त एवढं पहा की लेकरू चुकतं तेव्हा काय होतं. काही जण लगेच स्वतःच गाऊन दाखवतात आणि पुढं जातात, काही ओरडतात, काही बाकीच्यांना हसू देतात. चांगला शिकवणारा थांबतो, तुकडा लहान करतो, "सा रे ग" जमत नसेल तर "सा रे" वरच आणतो, आणि लेकराला परत म्हणू देतो. त्याचे कान लेकराकडं असतात. एकदा पाहिलं की फरक लगेच कळतो, आपल्याला गाण्यातलं काही कळत नसलं तरी.

आता शोधायचं कुठं. आमच्यासारख्या गावात बोर्ड लावलेला क्लास नसतोच, आणि असला तर तो कीबोर्ड-डान्स-ड्रॉइंग सगळं एकत्र असा असतो. पण गावात संगीत जाणणारी माणसं भरपूर असतात हो. गुरुदेव सेवा मंडळातले पेटीवाले काका, हरिनाम सप्ताहाला येणारे गायनाचार्य आणि मृदंगवाले (यातले काही आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले असतात, ती संस्था १९१७ पासूनची), भीमगीतं गाणाऱ्या पार्ट्यांतले ढोलक-तबलेवाले. तिकडं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात असाल तर झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवणारे ऑर्गन आणि तबल्याचे कलाकार, पण त्यांचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि रात्र-रात्र प्रयोग असतात, तेव्हा ते तुमच्या पोराला काय शिकवणार, पावसाळ्यात विचारा. या सगळ्यांना "तुम्ही शिकवता का" असं विचारूच नका, भिडेखातर हो म्हणतात. "तुमच्या घरच्या लेकराला कोणाकडं पाठवाल" असं विचारा. मला मॅडमचं नाव एका मृदंगवाल्या महाराजांनीच दिलं.

दुसरा रस्ता परीक्षेचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद, अलंकार असं वर वर जातं. जवळच्या मोठ्या गावात केंद्र कुठं आहे ते काढा, तिथं पोरं कोण कोण घेऊन येतं ते कळतं. पण एक सांगतो, विशारद झालेला माणूस लहान लेकराला शिकवू शकेलच असं नाही, आणि सर्टिफिकेट नसलेला भजनी म्हातारा कधी कधी असं शिकवतो की बस. आणि सहा वर्षांच्या पोराला "दोन वर्षांत प्रवेशिका करून देतो" म्हणणाऱ्यापासून जरा जपूनच. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव मार्क मिळतात हे खरं, त्यासाठी वेळ भरपूर आहे, दुसरीतल्या पोराच्या मागं ते लावू नका.

फोनवर काय विचारायचं? एका वेळी लेकरं किती बसतात. पाच-सहा ठीक, वीसमध्ये आपल्या लेकराचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. लहानांचा आणि मोठ्यांचा क्लास वेगळा आहे का. लेकराची पट्टी कोणती धरता, या प्रश्नावर समोरचा माणूस एकदम खुलला तर समजा बरं ठिकाण आहे. आणि सुरुवात कशानं करता. अलंकार (सा रे ग, रे ग म असे सुरांचे पलटे) तर असणारच, पण नुसते अलंकार वर्षभर घोटून घेतले तर लेकरू पळून जातं. आमच्या मॅडमनी हातानं टाळी-खाली देत दादरा शिकवला, सहा मात्रा, आजी भाकरी थापायची तेव्हा पोरगी त्या तालावर मोजायला लागली. मग भूप राग घेतला, त्यात म आणि नि नसतात, पाचच सूर, लेकरांना सोपा पडतो. सोबत एक प्रार्थना, एक बडबडगीत.

वाद्याचं म्हणाल तर घाई करू नका. पेटीला एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं पट्ट्या, लहान हाताची ओढाताण होते. तबला सहा-सातव्या वर्षी धरता येतो पण लेकराला मनातून हवा असेल तरच. आम्ही पहिलं वर्ष काही विकत घेतलं नाही, मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावायचो, लाईट गेली तरी चालतं, चार्जिंग तेवढी पाहिजे. जे सर पहिल्याच आठवड्यात "माझ्या ओळखीच्या दुकानातून पेटी घ्या" म्हणतात त्यांना हसून "दिवाळीनंतर पाहू" म्हणा.

ऑनलाईन क्लासही करून पाहिला, लॉकडाऊनमध्ये, पुतण्यासाठी. आवाज पोचायला जो उशीर लागतो त्यात सर आणि लेकरू एकत्र गाऊच शकत नाहीत, ताल तर विसराच. रेंज असेल तर मोठ्या पोरांचं भागतं, लहानाला समोर माणूस लागतो.

एक गोष्ट बोलायला लोक लाजतात पण बोलायलाच पाहिजे. एकट्या लेकराला बंद खोलीत शिकवणं नको, दार उघडं, ओसरी-परसात कोणीतरी असावं, सुरुवातीला आपण तिथंच थांबावं. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही. येत असेल तर उठून या. घरी आल्यावर "आज काय शिकली" याआधी "मजा आली का" विचारा आणि लेकरू नाही म्हणालं तर का ते शांतपणे ऐका. काही वेगळंच लक्षात आलं तर १०९८ हा लेकरांसाठीच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट लागतो.

पैशाचं आणि वेळेचं सुरुवातीलाच बोलून घ्या. कास्तकाराच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला पैसे असतातच असं नाही, मी सरळ सांगितलं की मॅडम, सोयाबीन निघाल्यावर एकदम देतो, त्यांनी मान्य केलं, वहीत लिहून ठेवलं. कापूस वेचणीच्या दिवसांत सोडायला-आणायला कोणी नसतं, तेव्हा खाडे पडतात, ते कसे भरून काढायचे तेही ठरवा. क्लास सुटायची वेळ आणि शेवटची एसटी जुळते का बघा, नाहीतर पोरगी "सा" लावायच्या ऐवजी घड्याळाकडं बघत बसते. आणि नवीन शिक्षक पारखून पाहायला उन्हाळ्याची सुट्टी बरी, आपल्याकडं विदर्भात शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात, फक्त क्लास सकाळी सातचा घ्या, मे महिन्यातल्या दुपारी कोणाचाच गळा चालत नाही.

घरी रियाज दहा-पंधरा मिनिटं पुरे, रोज एकाच वेळी. आमचा दिवाबत्तीच्या वेळचा. आणि पाहुणे आले की "काकाले म्हणून दाखव बरं" हे बंद करा बाप्पा. माझ्या आईला हे सांगायला मला सहा महिने लागले.

दोन-तीन महिने द्या. लेकरू गाडीवर बसून स्वतःहून गुणगुणत येतं का, आवाज बसतोय का, क्लासच्या दिवशीच पोट दुखतं का, एवढं पाहिलं की पुरे. बदलायची वेळ आली तर गावातली माणसं आहेत, उद्या लग्नात पंगतीला बाजूलाच बसायचं असतं, तेव्हा गुपचूप गायब होऊ नका. त्या महिन्याचे पूर्ण पैसे द्या, लेकराला पाया पडू द्या, "येणं-जाणं जमून नाही राह्यलं सर" म्हणा. मीही तेवढंच म्हटलं होतं. ते सर अजून बाजारात भेटतात, "पोरगी गाते का" विचारतात, मी म्हणतो, गाते, काळी पाचमध्ये.