फ्लूच्या विषाणूचा वंशवृक्ष काढताना

जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे मेले आणि भोपाळच्या तपासणीत एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. अशा नमुन्याचा सिक्वेन्स, म्हणजे जनुकीय अक्षरांचा क्रम हाती आला, तर त्याचे भाऊबंद साध्या लॅपटॉपवरही शोधता येतात.

इन्फ्लुएन्झा ए चा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, आठ सुट्या तुकड्यांचा, मिळून सुमारे साडेतेरा हजार बेसचा (अक्षरांचा). एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. म्हणून आठही तुकडे जोडून एकच झाड काढू नका. प्रत्येकाचा पूर्वज वेगळा असू शकतो आणि जोडलेलं झाड धड कुणाचंच राहत नाही. सुरुवात चौथ्या तुकड्यापासून, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन बनवणाऱ्या एचए जनुकापासून करा.

एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या ब्लास्ट या शोधसाधनात एचए टाकून जवळचे शंभरेक सिक्वेन्स घ्या. पण ब्लास्ट साम्य सांगतं, पूर्वज नाही. पैठणच्या नाथसागर जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे कितीतरी पक्षी मध्य आशियाकडून येतात, तेव्हा बांगलादेशाबरोबर कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरियाचे सिक्वेन्सही शोधा. जिसेड या सिक्वेन्सच्या दुसऱ्या साठ्यावर नोंदणी लागते. तोच नमुना दोन्ही ठिकाणी सापडतो, दुबार नोंदी काढा. झाडाच्या मुळासाठी 1996 चा ग्वांगडोंगच्या हंसातला विषाणू ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईत जातो, आणि जाऊ द्यावा. 1,600 बेसपेक्षा आखूड किंवा 'एन'ने (न वाचता आलेल्या अक्षराची खूण) भरलेले सिक्वेन्स टाकून द्या. नावातले कंस, स्वल्पविराम, अपूर्णविराम आणि मोकळ्या जागा काढून तिथे अधोरेषा घाला, नाहीतर झाडाची फाइल उघडताना मोडते. मग मॅफ्ट या प्रोग्रॅमने जुळवणी करा, म्हणजे सारख्या जागा एकाखाली एक येतील. उलट्या दिशेचे सिक्वेन्स सरळ करण्याचा पर्याय चालू ठेवा. जुळवणी दाखवणाऱ्या अलीव्ह्यूमध्ये डोळ्यांनी तपासा आणि जनुकाच्या सुरुवातीच्या एटीजीपासून शेवटच्या स्टॉप कोडॉनपर्यंतच ठेवा (कोडॉन म्हणजे तीन अक्षरांचा गट). मधली रिकामी जागा तीनच्या पटीत नसेल, तर बहुधा सिक्वेन्सिंगची चूक.

झाड काढणाऱ्या आयक्यू-ट्रीला बदलांचं मॉडेल स्वतः निवडू द्या, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम ते तपासणाऱ्या फेऱ्या) 1,000. 95 च्या खालच्या फांदीवरून निष्कर्ष काढू नका. इथे 70 चा जुना निकष चालत नाही, तो साध्या बूटस्ट्रॅपचा.

मग टेम्पएस्ट या प्रोग्रॅममध्ये मुळापासूनचं अंतर आणि नमुन्याची तारीख ताडून बघा. एचएमध्ये वर्षाला साधारण पाच ते दहा बदल होतात. 2025 चा म्हणून नोंदलेला सिक्वेन्स 2015 च्या विषाणूला चिकटला, तर तारीख चुकली किंवा प्रयोगशाळेतल्या जुन्या विषाणूची भेसळ झाली.

उरलेल्या सात तुकड्यांची झाडं अशीच काढा. एचएच्या झाडात एका गटात बसलेला नमुना पीबी2 या दुसऱ्या तुकड्याच्या झाडात भलतीकडे आणि तोही भक्कम आधाराने गेला, तर अदलाबदल झाली असं म्हणता येतं.

विषाणू कुठून कुठे गेला ते दाखवणारे नकाशावरचे बाण मात्र जपून काढा. भारताचे दोन आणि शेजारचे दोनशे सिक्वेन्स असतील, तर विषाणू 'तिकडूनच आला' असंच दिसणार. प्रत्येक देशातून दर वर्षाचे सारख्याच संख्येने सिक्वेन्स निवडा, निवड बदलून पुन्हा चालवा. दर वेळी दिशा बदलणारा बाण नकाशात ठेवू नका.