प्लेअरवर ऐकलेल्या गाण्यांची नोंद कॉम्प्युटरवर कशी न्यायची

रात्रीच्या ओलिताला शेतात नेट नसतं, पण रॉकबॉक्स (प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेला सॅन्सा क्लिपसारखा छोटा प्लेअर किंवा जुना आयपॉड कोणतं गाणं कधी वाजलं हे लिहून ठेवतो. जुन्या रॉकबॉक्समध्ये त्यासाठी प्लेबॅक सेटिंग्जमध्ये ‘लास्ट एफएम लॉग’ चालू करायचा; लास्ट एफएम ही ऐकलेल्या गाण्यांचा हिशेब ठेवणारी वेबसाइट, नोंदी शेवटी तिथे पाठवायच्या. नव्यात हेच काम प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) करतं. नोंदी ‘.स्क्रॉबलर.लॉग’ या फाइलीत जातात. एका ओळीत कलाकार, अल्बम, गाणं, ट्रॅक क्रमांक, सेकंदांत लांबी, ऐकलं तर ‘एल’ नि सोडलं तर ‘एस’, शेवटी वेळ.

सगळा घोळ होतो तो या वेळेपायी. बॅटरी पार उतरली की काही प्लेअरचं घड्याळ मागे जातं, म्हणून चार्ज केल्यावर आधी तारीख बघा. दुसरं, रॉकबॉक्सला भारताची वेळ कळत नाही. घड्याळातली वेळ तो जागतिक वेळ म्हणूनच लिहितो, आणि रात्री 9 ला ऐकलेलं भजन लास्ट एफएमवर पहाटे 2.30 चं दिसतं. प्रत्येक नोंदीतून साडेपाच तास, म्हणजे 19800 सेकंद, वजा करा. नोंदी लास्ट एफएमवर पाठवणाऱ्या आरबी-स्क्रॉबलरसारख्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये ही सोय असते.

14 दिवसांपेक्षा जुन्या नोंदी लास्ट एफएम घेत नाही. त्यामुळे आठवडी बाजाराला तालुक्याला गेलात की तिथेच पाठवून टाकणं बरं. नोंदी पाठवून झाल्यावर प्लेअरमधली लॉग फाइल पुसा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच नोंदी पुन्हा जातील.

मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणलेल्या गाण्यांत कलाकाराच्या जागी बहुधा एखाद्या वेबसाइटचं नाव असतं. लॉगमध्ये तेच उतरतं. एमपी3टॅग या प्रोग्रॅममध्ये खरी नावं देवनागरीत भरा. कलाकार किंवा गाण्याचं नाव कोरं असेल तर ती नोंद पुढे जातच नाही.

मूळ सॉफ्टवेअरचा आयपॉड ‘प्ले काउंट्स’ फाइलीत फक्त किती वेळा आणि शेवटचं कधी एवढंच ठेवतो. एकच गाणं पाचदा वाजवलं तरी वेळ शेवटचीच मिळते, म्हणून रोज कॉम्प्युटरला जोडून सिंक करणाऱ्यालाच खरा हिशेब लागतो. ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्रॅमने एकदा सिंक केलं की ते आकडे त्याच्या लायब्ररीत जातात आणि आयपॉडवरची फाइल निघून जाते.

जोडूनही प्लेअर दिसत नसेल तर आधी केबल बदला. टॉर्च-पंख्यासोबत येणाऱ्या कित्येक केबलींत चार्जिंगच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. डेस्कटॉपवर काम करत असाल तर लाईन जाण्याची वेळ टाळा; लिहिणं चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरच्या फाइलींची यादी (फॅट32) बिघडू शकते. काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा.