मासे आणण्याआधी: नव्या फिशटँकमधला अमोनिया कसा सांभाळावा

माझ्या पहिल्या टँकमध्ये चोवीस तास फिल्टर चालवून चार गोल्डफिश सोडले होते. पाचव्या दिवशी ते तोंड वर काढून धापा टाकत होते, कल्ले लालभडक झाले होते. पाणी मात्र काचेसारखं नितळ. मला वाटलं, हवा कमी पडतेय. खरं कारण होतं अमोनिया, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. जुन्या टँकमध्ये एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे पाणी बदलून आवरता येतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहतात. त्यांची वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये मासे नकोत, जिवाणूंना अमोनिया मात्र हवा.

पहिलं काम: पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं, म्हणून अँटी-क्लोरीन घाला. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, कारण या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. पाणी २६ ते २८ अंश असलं की वाढ चांगली होते. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लावावा लागेल.

दुसरं: अमोनिया मोजून घाला. अमोनियम क्लोराइड वापरा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, म्हणून प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून घ्या. १० ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून द्रावण अर्धा लिटर करा आणि बाटलीवर ठळक नाव लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये खडे घातल्यावर पन्नासेक लिटर पाणी मावतं. त्यात या द्रावणाचे १५ मिली घातले की अमोनिया सुमारे २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. तेवढा पुरे. ५ पीपीएमच्या वर गेलात तर जिवाणूंचीच वाढ मंदावते. लवकर व्हावं म्हणून जास्त ओतणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे.

तिसरं: दिवसाआड तपासा. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. अमोनियासाठी सहसा मिळणाऱ्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे शून्य, हिरवा चढत गेला की अमोनिया जास्त. नळी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरा. मी रात्री ट्यूबलाइटखाली पाहायचो, तेव्हा पिवळ्यातही हिरवट झाक दिसायची आणि आकडा चुकायचा.

पहिले आठ-दहा दिवस काहीच हलत नाही. धीर धरा, पाणी बदलू नका. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा द्रावण घाला. नायट्राइट ५ च्या वर असेल तर नेहमीच्या निम्मंच घाला, किंवा दोन दिवस थांबा. १ पीपीएम अमोनियातून जवळजवळ २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतं, त्यामुळे ते फार झपाट्याने साठतं.

पीएचही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे तेही, पाहायला हवा. जिवाणू काम करताना पाण्यातला अल्कधर्मीपणा संपवत जातात. धरणाच्या मऊ पाण्यात पीएच ६ च्या आसपास घसरला की सगळं ठप्प होतं. अशा वेळी ५० लिटरला अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून घाला. उलट बोअरचं पाणी पीएच ८ चं असेल, तर नंतर मासे असताना जास्त सावध राहा. अमोनियाचा आकडा तोच असला तरी त्यातला विषारी भाग पीएच ७ च्या तुलनेत जवळजवळ दहापट असतो.

ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर जरूर आणा, ओला ठेवूनच. तो तुमच्या फिल्टरशेजारी पाण्यात ठेवलात तर आठवडेच्या आठवडे वाचतात.

चौथं: झालं, हे कसं ओळखावं. २ पीपीएम अमोनिया घाला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि फक्त नायट्रेट दिसलं, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, की टँक तयार. पाऊण पाणी बदला आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतात. सुरुवातीला मोजकेच मासे सोडा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका आणि आठवडाभर रोज तपासणी करा.

मासे आधीच सोडले असतील तर रोज पाव ते एक तृतीयांश पाणी क्लोरीन काढून बदला, खाद्य दिवसाआड द्या आणि अमोनिया ०.५ च्या आत ठेवा. स्पंज तुंबला तर नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोन-तीनदा पिळा, तपकिरी गाळ निघाला की परत बसवा.