‘शुगर नॉर्मल’ म्हणून निर्धास्त राहताय? रक्ताचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रविवारी सकाळी ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठल्या ना कुठल्या सोसायटीत आरोग्य शिबिर असतंच. बोट टोचतात, पट्टीवर थेंब घेतात आणि काही सेकंदांत मशीनवर आकडा येतो, १२८. ‘नॉर्मल आहे काका, चला पुढचे.’ काकांनी मघाशी खाली पोहे खाल्लेत की सकाळपासून पोटात काहीच नाही, हे कोणी विचारत नाही. पोहे-चहानंतरचा १२८ असेल तर प्रश्नच नाही. उपाशीपोटी १२८ असेल, तर तो मधुमेहाच्या रेषेपलीकडचा आकडा आहे आणि लॅबमध्ये जाऊन शिरेतलं रक्त तपासायलाच हवं. बोटावरच्या मशीनच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं मानकच सांगतं. तेव्हा शिबिरातल्या आकड्यावरून घाबरू नका आणि खूशही होऊ नका.

पण शिबिराची चूक निस्तरता येते. खरी गोम लॅबच्या रिपोर्टात असते, कारण तिथे आकडे बरोबर असतात आणि आपण ते चुकीचे वाचतो.

फक्त साखरेची ओळ वाचायची आणि फाईल ठेवून द्यायची

उदाहरणादाखल एक रिपोर्ट घेऊ. वय ४२, राहायला घोडबंदर रोड, नोकरी महापेला, दिवसभर खुर्ची. उपाशीपोटी साखर ९८, जेवणानंतर १३२. एकूण कोलेस्टेरॉल १९२. या तिन्ही ओळी लॅबच्या मर्यादेत, म्हणून काळ्या शाईत. खाली ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२ आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ३६. या दोन ओळी ठळक छापलेल्या. घरी काय ठरतं? ‘शुगर नाही, कोलेस्टेरॉल नाही. ते दुसरं काहीतरी थोडं वाढलंय, तळलेलं कमी करू.’

ते ‘दुसरं काहीतरी’च या रिपोर्टातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल पुरुषांत ४० च्या किंवा बायकांत ५० च्या खाली, ही जोडी दिसली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं असल्याची शंका घ्यावी. पोटात आणि यकृतात चरबी साठली की यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं, आणि ते वाढलं की एचडीएलचे कण लवकर नष्ट होतात. स्वादुपिंड मात्र जादा इन्सुलिन ओतून साखर वर्षानुवर्षं जागेवर ठेवतं. म्हणून साखरेची ओळ सगळ्यात शेवटी बिघडते, तोवर लिपिडच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडच्या, ओळी बोंब मारत असतात.

याच गृहस्थांची कंबर ९८ सेंटीमीटर आणि वडिलांना मधुमेह आहे असं धरा. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धत मांडली. वय ३५ ते ४९ ला २० गुण, पुरुषांत ९० ते ९९ सेंटीमीटर कंबरेला १०, व्यायाम नाही आणि काम बसून, त्याला ३०, आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०. बेरीज ७०. साठ आणि त्यावर म्हणजे जास्त धोका. सुई न टोचता एवढं कळतं. अशा माणसाने ‘शुगर नॉर्मल’वर न थांबता एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) करावं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणीही.

आकडे एकदाच सांगते. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटी १२६, ग्लुकोजनंतर २०० किंवा एचबीए१सी ६.५ पासून पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला असे दोन आकडे लागतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही सुमारे १०.१ कोटी आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी असा अंदाज होता. उंबरठ्यावरची गर्दी मोठी आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात ‘नॉर्मल’ रिपोर्ट आहे.

मी तर बारीक आहे

हा गैरसमज फार चिवट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात बसते. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप बरी. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही आपल्याकडची मर्यादा.

आणि पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे! पँट पोटाखाली घसरवून घालता येते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, टेप न आवळता मोजा.

तपासणीच्या आदल्या रात्रीचे घोळ

सीएसएमटीहून लोकल पकडून पनवेलला किंवा कळव्याला घरी पोहोचायला रात्रीचे साडेनऊ-दहा, जेवायला साडेदहा, आणि लॅबचा मुलगा सकाळी साडेसहाला दारात. कसेबसे आठ तास. साखरेला चालतील, पण लिपिड उपाशीपोटी सांगितलं असेल तर १० ते १२ तास लागतात. त्या दिवशी आठच्या आत जेवा, नाहीतर सकाळी उशिराची वेळ घ्या. पाणी प्यायला हरकत नाही. ‘फक्त अर्धा कप चहा’ चालत नाही, बिनसाखरेचाही नाही.

शुक्रवारी रात्री पार्टी आणि शनिवारी सुट्टी म्हणून रक्त, असं केलंत तर ट्रायग्लिसराइड उसळी मारणारच. ताप, डेंग्यू, ऑपरेशन यानंतर लगेच लिपिड करू नका, आकडे फसवे येतात. उलट बाजूने, रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठवडाभर भात बंद करणारेही असतात. ग्लुकोजच्या चाचणीआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं असतं. आणि जेवणानंतरच्या साखरेला दोन इडल्या खाऊन, दोन तास तलावपाळीला फेऱ्या मारून परत आलात, तर आकडा गोड येईल, पण तो तुमच्या रोजच्या जेवणाचा नसेल. रोज जेवता तेवढंच जेवा, पहिल्या घासापासून दोन तास मोजा आणि तेवढा वेळ स्वस्थ बसा.

ऐरोली-महापेला रात्रपाळी करणाऱ्यांनी लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना तसं आधीच सांगावं. रात्रभर जागून, मध्ये दोनदा खाऊन सकाळी दिलेलं रक्त ‘उपाशीपोटी’ नसतं.

रिपोर्ट विचित्र आला तर

जेवणानंतरची साखर उपाशीपोटीपेक्षा कमी आली, की लोक लॅब बदलतात. बहुतेक वेळा लॅबची चूक नसते. हलकी न्याहारी, मधलं चालणं किंवा उशिरा पण जोरात सुटलेलं इन्सुलिन, यातलं काहीतरी असतं. मात्र उपाशीपोटीचा आकडा शंभराच्या वर असेल तर ‘जेवणानंतर कमी आहे ना’ म्हणून तो माफ होत नाही.

एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, जागी आकडाच नाही? ट्रायग्लिसराइड पाहा, ४०० च्या वर असेल. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, वजाबाकी करून काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड फार चढलं की हे गणित कोलमडतं. वरच्या रिपोर्टात एलडीएल ११४ च्या आसपास निघतं आणि ठीकठाक वाटतं. पण एकूणातून नुसतं एचडीएल वजा केलं तर १५६ उरतात. हा नॉन-एचडीएलचा आकडा साधारण १३० च्या आत हवा. याला वेगळे पैसे पडत नाहीत, वजाबाकी घरीच करता येते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं तर मात्र घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा, तिथून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो.

एचबीए१सी आणि साखर एकमेकांशी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन पाहा. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटं वाढतं, आणि आपल्याकडे बायकांत ही कमतरता घरोघरी. रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तपेशी लवकर फुटत असतील तर ते खोटं कमी येतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असलेल्यांतही हा आकडा फसवू शकतो, आणि सिंधी समाजात असे वाहक बरेच असल्याने उल्हासनगर-ठाण्याकडच्या डॉक्टरांना हे नवं नाही. अशा वेळी ग्लुकोजची चाचणीच खरी.

एलडीएल एकाएकी वाढलं असेल तर ताटाला दोष देण्याआधी थायरॉइड तपासा.

जाता जाता, सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या पॅकेजबद्दल. त्यातून बहुतेकांना व्हिटॅमिन डी कमी असल्याचं कळतं, त्याची चर्चा महिनाभर चालते आणि ट्रायग्लिसराइड तसंच राहतं. साखर, एचबीए१सी, लिपिड, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं पुरे, आणि मागच्या वर्षांचे रिपोर्ट शेजारी मांडा. ८८, ९३, ९८ अशी चढण असेल तर प्रत्येक आकडा नॉर्मल असूनही चढण नॉर्मल नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांतही राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तिशीनंतरच्यांची मधुमेह-रक्तदाबाची तपासणी होते, हे फार जणांना ठाऊक नसतं.

तेल बंद केलं, तरी ट्रायग्लिसराइड हलेना

हलणार नाहीच. एरवीच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडमागे तेलाच्या बुधलीपेक्षा साखर, मैदा, भाताचा डोंगर आणि दारू यांचा हात मोठा असतो. यकृत जादा साखरेची चरबी बनवतं. ठाण्यातल्या मामलेदारच्या मिसळीला महिन्यातून एकदा गेलात तर मी काही म्हणणार नाही, मटकी चांगलीच आहे, पाव एक घ्या आणि फरसाण आवरा. माझा राग ऑफिसातल्या चहावर आहे. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमचा साधारण चार ग्रॅमचा, म्हणजे ३२ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. इथे बिस्किटं धरलेलीच नाहीत. गुळाचा चहा केला तरी हिशेब फारसा बदलत नाही.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ तेल घेऊन समाधान मानू नका. कोणत्याही वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. पामतेलात मात्र निम्म्याच्या आसपास संपृक्त चरबी असते आणि ती एलडीएल वाढवते. नाचणीच्या बिस्किटांचा पुडा उलटून पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मैदा, पामतेल, साखर पहिल्या ओळीत आणि नाचणी पाचवी असेल तर पुडा परत ठेवा. उपासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थीला खिचडीची परात आणि वर केळं, याला उपास म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बागेबाहेर फिरायला येणाऱ्यांसाठी दुधी-कारल्याचा रस विकणारे बसतात. कारल्याने मधुमेह जात नाही. दुधीचा रस कडू लागला तर तो जिवावरही बेतू शकतो, तेव्हा पहिल्या घोटालाच थुंकून टाका.

उपयोग होतो तो ताटाचं माप बदलण्याचा. डावीकडची चमचाभर कोशिंबीर वाटीभर करा, उसळ-भाजी आधी खा, भात किंवा तांदळाची भाकरी शेवटी आणि निम्मी. बांगडा, मांदेली खुशाल खा, फक्त रव्यात घोळवून बुडेपर्यंत तळू नका. जेवून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं जिन्यात नाहीतर गच्चीवर चाला. चेन्नईत केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणं सुधारल्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, वजन फारसं उतरलं नसतानाही.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनमुळे साखर वाढते असं ऐकून गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. साखर किंचित वाढू शकते हे खरं, पण ज्यांना ती गोळी दिली आहे त्यांच्या हृदयाला होणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून.

बाळंतपणाची फाईल माळ्यावर टाकणं

गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर ‘गेली’, असं सांगणाऱ्या बायका प्रत्येक इमारतीत सापडतील. त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, तरी बाळाच्या लसींच्या तारखांत आईची चाचणी राहूनच जाते. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची, ती नॉर्मल आली तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर पाहत राहायची. तिशीतच पाहायची, चाळिशीची वाट बघायची नाही. आणि नवीन डॉक्टरांकडे, मग ते दाढेच्या दुखण्यासाठी का असेना, ‘गरोदरपणात शुगर होती’ हे वाक्य स्वतःहून सांगायचं, कारण ते विचारतीलच असं नाही.