जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त कसा करावा

जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळू लागल्या, शेंड्याची पाने आखडून गोळा झाली आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, की पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, आला असे समजावे. ही कीड कोवळ्या भागांतील रस शोषते आणि अंगातून चिकट गोड द्रव सोडते. त्या द्रवावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि त्याच्याच लोभाने मुंग्या येतात.

औषध हाती घेण्यापूर्वी झाड नीट न्याहाळावे. पानांची मागची बाजू, कळ्यांचे देठ, खोडावरील भेगा आणि कुंडीच्या काठाची खालची बाजू या किडीच्या आवडत्या जागा आहेत. रोगट कुंडी इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी. पार आखडलेले शेंडे कात्रीने कापून लगेच साबणाच्या पाण्यात बुडवावेत. ते कंपोस्टच्या डब्यात टाकू नयेत.

उरलेल्या झाडावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. कीड थोडीच असेल, तर सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पुंजक्यांवर टेकवावा आणि मग जुन्या टूथब्रशने ते हलकेच खरवडावेत. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते, पण लोकांना फवारणीचीच घाई असते.

फवारणीसाठी 1 लिटर पाण्याला 5 मिलि कडुनिंबाचे तेल आणि साधारण 2 मिलि पातळ साबण घ्यावा. तेल थेट पाण्यात ओतल्यास ते वर तरंगते. म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात साबण व तेल एकत्र करून दुधासारखे पांढरट होईपर्यंत ढवळावे, नंतर उरलेले पाणी घालावे आणि हे मिश्रण त्याच दिवशी वापरून टाकावे. प्रथम दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबावे आणि पाने करपली नाहीत, तरच ऊन उतरल्यावर पूर्ण झाडावर, विशेषतः पानांच्या मागून, फवारावे. पूजेसाठी लागणारी फुले त्याआधीच काढून घ्यावीत.

एका फवारणीने कीड संपत नाही, कारण मादी मेणचट कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि तेथवर औषध पोहोचत नाही. त्या अंड्यांतून निघालेल्या पिलांच्या अंगावर सुरुवातीला मेणाचा थर फारसा नसतो, आणि नेमकी तीच वेळ साधायची असल्यामुळे दर सात दिवसांनी, निदान तीन वेळा, फवारणी करावी. तेलाचे प्रमाण दुप्पट केल्याने पाने भाजतात. नेम न चुकवणे अधिक उपयोगी ठरते.

मुंग्यांकडे दुर्लक्ष झाले, तर ही सारी मेहनत वाया जाते. त्या या किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात आणि पिलांना नव्या फांद्यांवर नेऊन ठेवतात. म्हणून खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्यावा आणि भिंतीला वा शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्या त्या वाटेने चढतात.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पुंजक्यांमध्ये एखादी लांबट, झुपकेदार पांढरी अळी भराभर चालताना दिसली, तर तिला मारू नये. ती बहुधा क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी असते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातील असून 1898 मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पण त्यालाच खाऊन वाढते. अशा अळ्या असलेल्या फांदीवर फवारणी थांबवून पंधरवडाभर वाट पाहावी.

या काळात युरियासारखे नत्रयुक्त खत देऊ नये, कारण त्यामुळे फुटणारी लुसलुशीत पालवी किडीला आयतीच मिळते. तीन फवारण्यांनंतरही पुंजके परतले, तर कडक ऊन नसताना झाड फूटभर उंचीवर छाटावे, खोड ब्रशने घासून काढावे आणि नवी फूट येईपर्यंत पाणी बेतानेच द्यावे.